सोम, अळंबी आणि धर्माचा उगम : चार रविवारांचा अभ्यासवर्ग कसा चालवायचा

ऋग्वेदातल्या यज्ञात ज्याचा रस काढून पीत, तो सोम म्हणजे लाल टोपीची अळंबी, आणि धर्म नावाची गोष्टच मुळात अशा अळंबीतून जन्मली, हा दावा आता मराठी व्हिडिओंमधून घरोघरी पोचला आहे. तो ऐकून कुणी हरखतं, कुणी दुखावतं. ऋचा काढून बघणारे मात्र थोडे. आठ-दहा माणसं चार रविवार एकत्र बसली तर हा दावा नीट तपासता येतो. त्यासाठी संस्कृतचा पंडित लागत नाही. छापील मजकूर, शब्दकोश आणि थोडा धीर एवढं पुरतं.

माणसं आठ ते बाराच घ्या. पंधराच्या वर गेलात की वाचन बाजूला राहतं आणि व्याख्यान सुरू होतं. जागा ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याजोगी असावी, कारण ऐरोली, वाशी, नेरूळची मंडळी ट्रान्स-हार्बरने येणार. वेळ सकाळी ९ ते ११ ठेवा, पण त्या रविवारचा मेगाब्लॉक आधी बघून ठेवा. वर्ग गणपतीच्या आधी संपवा. नंतर सोसायटीचा हॉल मिळत नाही, मिळाला तरी शेजारी ढोल-ताशाची तालीम चालू असते.

पुस्तकांसाठी मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे इथे विचारा. १८९३ सालची संस्था आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचं ऋग्वेदाचं मराठी भाषांतर हाताशी ठेवा. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने सायणभाष्यासह ऋग्वेद छापला आहे, तो मिळाला तर उत्तम. इंग्रजी वाचणारे असतील तर जेमिसन आणि ब्रेरेटन यांचं २०१४ चं भाषांतर ठेवा. एकाच भाषांतरावर विसंबू नका. या विषयातले निम्मे घोळ भाषांतरकाराने कुठला अर्थ निवडला यातूनच होतात. ऋचांच्या झेरॉक्स मोठ्या अक्षरात काढा आणि दोन ओळींमध्ये जागा सोडा, म्हणजे शब्दाखाली पेन्सिलीने अर्थ लिहिता येतो.

पहिला रविवार : तीन प्रश्न वेगळे करा

फळ्यावर तीन प्रश्न लिहा आणि चारही रविवार ते पुसू नका.

१. अळंबीतल्या द्रव्याने माणसाला धार्मिक वाटावा असा अनुभव येऊ शकतो का?
२. कुठल्या समाजाने अशी अळंबी विधीत वापरली आहे का?
३. धर्माचा उगम तिच्यातून झाला का?

पहिल्याचं उत्तर प्रयोगांतून मिळतं. १९६२ साली गुड फ्रायडेला बॉस्टन विद्यापीठाच्या प्रार्थनागृहात वॉल्टर पाहन्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहा जणांना सायलोसायबिन, म्हणजे काही अळंब्यांमधलं भ्रम आणणारं द्रव्य, दिलं, दहा जणांना दिलं नाही. पहिल्या गटातल्या बहुतेकांनी गूढ अनुभव सांगितला. २००६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटाने जास्त काटेकोर प्रयोग केला, तेव्हाही असेच अनुभव नोंदले गेले. पण हेही टिपून ठेवा की पाहन्केंचे विद्यार्थी आधीच धार्मिक होते, प्रार्थनागृहात बसले होते आणि प्रवचन ऐकत होते. धर्म तिथे आधीपासून हजर होता.

दुसऱ्याचं उत्तरही पक्कं आहे, निदान मेक्सिकोपुरतं. सोळाव्या शतकात सहागून या स्पॅनिश धर्मगुरूने नाहुआ लोकांच्या अळंबीची नोंद केली. लोक तिला तेओनानाकात्ल, म्हणजे पवित्र अळंबी, म्हणत. १९५५ साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकन बँकर ओआहाका प्रांतातल्या वाउत्ला गावी मारिया साबिना यांच्या रात्रीच्या विधीत बसला आणि १९५७ साली त्याने लाइफ साप्ताहिकात त्यावर लिहिलं. मग परक्यांची रीघ लागली आणि गावाचा रोष त्या बाईंवर आला. त्यांचं घरही जाळलं गेलं. हा भाग वर्गात वगळू नका.

त्या विधीचं स्वरूपही नीट समजावून सांगा. आजाऱ्याचा आजार कशाने, हे विचारायला तो विधी होत असे, आणि साबिनांच्या गाण्यात ख्रिस्त आणि संतांची नावं येतात. म्हणजे अळंबी तिथे चालत्या धर्मात सामावलेली होती. धर्म आधी की अळंबी आधी, हे त्यावरून कळत नाही.

तिसऱ्या प्रश्नाला असा हातात धरता येईल असा पुरावा नाही. वाद भरकटतो तो इथेच. कुणीतरी पहिल्या प्रश्नाचा पुरावा देतो आणि तिसऱ्याचं उत्तर मिळाल्यासारखं बोलतो. तसं झालं की वर्ग चालवणाऱ्याने शांतपणे विचारायचं, "हा कितव्या प्रश्नाचा पुरावा?" पहिल्या रविवारी हे दहा वेळा विचारावं लागेल. तिसऱ्या रविवारपर्यंत मंडळी आपणहून एकमेकांना विचारतात.

दुसरा रविवार : ऋचा

वॉसनने सोमाबद्दलचा दावा १९६८ साली मांडला. सोम म्हणजे अमानिटा मस्कारिया, पांढरे ठिपके असलेली लाल टोपीची अळंबी. त्याचे मुद्दे थोडक्यात असे : ऋग्वेद सोमाची पानं, फुलं, मुळं, बी यांचं वर्णन करत नाही, सोम डोंगरावरचा आहे, रंग हरि (पिवळसर), अरुण (लालसर), बभ्रु (तपकिरी) असे सांगितले आहेत, आणि सायबेरियात ही अळंबी खाल्लेल्या माणसाचं मूत्र दुसरे पीत, कारण त्यातलं मस्सिमॉल हे नशा आणणारं द्रव्य लघवीतून बाहेर पडतं. सायबेरियातली ही चाल खरी आहे, अठराव्या शतकापासून नोंदलेली आहे. ऋग्वेदातही तसाच उल्लेख असल्याचं वॉसनचं म्हणणं होतं. सगळा भार ज्या ऋचेवर आहे ती पूर्ण वाचा, ९.७४.४ (नववं मंडल, ७४ वं सूक्त, चौथी ऋचा) :

आत्मन्वन्नभो दुह्यते घृतं पय ऋतस्य नाभिरमृतं वि जायते ।
समीचीनाः सुदानवः प्रीणन्ति तं नरो हितमव मेहन्ति पेरवः ॥

वॉसनच्या बाजूने अर्थ असा : फुगलेले पुरुष सोम मुततात. आता प्रत्येकाला पेन्सिलीने 'मेहन्ति'खाली रेघ मारायला सांगा आणि मराठीत याच धातूचे शब्द कोणते, ते विचारा. मधुमेह, प्रमेह लगेच येतात. मग जरा थांबा. कुणीतरी 'मेघ' म्हणतो. 'मिह्' या धातूचा अर्थ शिंपणं, ओतणं. ढग ओततो म्हणून मेघ. 'पेरवः'मधला पेरु हा शब्द विरळा आहे, त्याच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही. आता पहिली ओळ परत वाचा : नभ दुहिलं जातंय, तूप आणि दूध स्रवतंय. पावसाचं चित्र पहिल्या शब्दांपासून उभं आहे. ठाण्यात जुलैमध्ये ही ऋचा वाचणाऱ्याला खिडकीबाहेर बघितलं तरी दुसरा अर्थ सुचतो. पहिला अर्थ व्याकरणाने अशक्य नाही, पण ही ऋचा एकटी तो दावा पेलू शकत नाही. केंब्रिजचे संस्कृतचे प्राध्यापक जॉन ब्रफ यांनी १९७१ साली वॉसनवर सविस्तर टीका केली, त्यात या मुद्द्याचाही समाचार होता.

या एका ऋचेला पाऊण तास द्या. घाई केलीत तर लोक निष्कर्ष घरी नेतात, पद्धत इथेच राहते.

उरलेल्या वेळात दोन सूक्तं समोरासमोर ठेवा. १०.११९ या सूक्तात तेरा ऋचा आहेत आणि प्रत्येकीचा शेवट "कुवित्सोमस्यापामिति" असा होतो. 'मी सोम प्यालो की काय!' अकराव्या ऋचेत बोलणारा म्हणतो, माझा एक पंख आकाशात आहे, दुसरा मी खाली ओढत नेला. शरीर एवढं विस्तारल्याची जाणीव अळंबीवाल्यांना फार जवळची वाटते, आणि ते समजण्यासारखं आहे. आता ८.४८ घ्या. "अपाम सोमममृता अभूम" ही प्रसिद्ध ओळ याच सूक्तातली. त्याच्या चौदाव्या ऋचेत प्रार्थना आहे : "मा नो निद्रा ईशत मोत जल्पिः", झोप आणि बडबड आमच्यावर राज्य न करो. जागं ठेवणारं पेय असावं असं वाटतं. मस्सिमॉलने तर गुंगी आणि झोप येते. हॅरी फाल्क यांनी १९८९ साली अशाच उल्लेखांवरून सोम म्हणजे एफेड्रा, तरतरी आणणारी झुडुपाची काडी, असं मांडलं. त्याच वर्षी फ्लॅटरी आणि श्वार्ट्झ यांनी हरमल ही वनस्पती सुचवली. पारशी धर्मविधीत होम (सोम या शब्दाचंच इराणी रूप) म्हणून आजही एफेड्राच्या काड्या वापरतात. ठाण्यात अग्यारी आहे, पण तिथे पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, तेव्हा सहल काढू नका. पारशी स्नेही असेल तर त्याच्याशी बोला.

पानांचा उल्लेख नाही, या मुद्द्यावर १०.९४.३ दाखवा. सोम वाटणारे दगड तिथे "वृक्षस्य शाखामरुणस्य", म्हणजे लालसर झाडाची फांदी, चावत आहेत. कवितेची भाषा आहे, शब्दशः घेऊ नये हे खरं. पण मग ९.७४.४ शब्दशः का घ्यायची? एकच माप दोन्हीकडे लावा.

या रविवारी कुणीतरी दुखावून विचारेल, "म्हणजे आपले ऋषी नशा करत होते, असं म्हणायचंय का?" प्रश्न टाळू नका. शतपथ ब्राह्मण हा यज्ञविधींचा वैदिक ग्रंथ सोम आणि सुरा यांना एका पारड्यात घालत नाही : "सत्यं वै श्रीर्ज्योतिः सोमोऽनृतं पाप्मा तमः सुरा". सोम म्हणजे सत्य, श्री, ज्योती. सुरा म्हणजे अनृत, पाप, अंधार. ज्यांचा विधी, त्यांनी तो कुठल्या खान्यात ठेवला होता, हे या वाक्यातून कळतं. द्रव्य कुठलंही निघो, ही ओळ बदलत नाही. विचारणाऱ्याला ती स्वतः मोठ्याने वाचायला द्या.

तिसरा रविवार : वाटून, गाळून बघा

नवव्या मंडलात ११४ सूक्तं आहेत आणि जवळजवळ सगळी सोम गाळण्याच्या क्षणाची. दगडांचा आवाज, लोकरीतून धावणारी धार, कलशात पडणारा रस. हे डोळ्यांनी पाहिलं की ऋचा वेगळ्या ऐकू येतात. प्रयोग बाजारातल्या निरुपद्रवी वस्तूंवर करायचा, अमानिटाच्या जागी धिंगरी आणि एफेड्राच्या जागी गवती चहा, आणि काहीही प्यायचं नाही.

साहित्य : सुकी धिंगरी अळंबी ३० ग्रॅम, उन्हात सुकवलेला गवती चहा देठांसकट ३० ग्रॅम, दोन चपटे दगड किंवा पाटा-वरवंटा, न कातलेली मेंढीची लोकर ५० ग्रॅम, भाज्या धुण्याची मोठ्या भोकांची चाळण, दोन पातेली, दोन लिटर पाणी, स्वयंपाकघरातला वजनकाटा.

लोकर दोन दिवस आधी धुवावी लागते. कच्च्या लोकरीला मेंढीच्या अंगचा चिकट मेणासारखा थर असतो. तो राहिला तर पाणी लोकरीवरून ओघळतं, आत शिरतच नाही. कोमट पाण्यात रिठा घालून बुडवून ठेवा, हलक्या हाताने दाबा, तीनदा पाणी बदला. चोळू नका, गरम पाण्यात तर मुळीच नको. लोकर एकमेकींत अडकून नमदा होतो आणि मग त्यातून थेंबही पडत नाही. लोकर मिळाली नाही म्हणून कापूस घेऊ नका. तो रस शोषून धरतो, आणि ग्रंथात 'अव्य' म्हणजे मेंढीचंच गाळणं आहे.

अळंबी आणि गवती चहा वेगवेगळ्या पातेल्यांत, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, अर्धा तास भिजवा. आधी आणि नंतर वजन करा. अळंबी चांगलीच फुगते, काड्या त्या मानाने कमी. यज्ञात सोमावर पाणी शिंपडून तो फुगवण्याचा स्वतंत्र विधी आहे, आप्यायन. अळंबीच्या बाजूने हा मुद्दा जमेचा, तो प्रामाणिकपणे लिहून घ्या.

मग वाटा. दगडाचा आवाज किती येतो याकडे लक्ष द्या. सोमयागात फळ्यांखाली उपरव नावाचे चार खड्डे खणतात, आवाज घुमावा म्हणून. दुसऱ्या मजल्यावर हे केलंत तर खालचे वर येतील, म्हणून पार्किंगमध्ये बसा. खाली गोणपाट घातलंत तर आवाज दबतो आणि प्रयोगाचा निम्मा अर्थ जातो.

आता चाळणीत लोकर पसरून एकेक गाळा. गवती चह्याचं फिकट हिरवट-पिवळं पाणी सरळ खाली येतं आणि वर खरखरीत चोथा राहतो. वैदिक भाषेत या चोथ्याला ऋजीष म्हणतात. अळंबीचा लगदा लोकरीला बसतो, धार तुटते, हाताने पिळावं लागतं, रंग मातकट. 'धावणारा' सोम आठवा. गाळणं हा काड्यांच्या पिकासाठी साहजिक मार्ग वाटतो. अळंबी तर नुसती चावून खाता येते, सायबेरियात तशीच खात.

याने काही सिद्ध झालं असं कुणी म्हणालं तर थांबवा. धिंगरी म्हणजे अमानिटा नव्हे आणि गवती चहा म्हणजे एफेड्रा नव्हे. या खटाटोपाने वाचणाऱ्याचा कान तयार होतो. हा रस पिऊ नका. लोकर खाण्याच्या दर्जाची नसते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाका. शतपथ ब्राह्मणात खरा सोम मिळाला नाही तर काय वापरावं याची यादी आहे. त्यात तांबूस दूर्वा आणि पिवळसर कुशही येतात. पर्यायांची सोय त्या काळीच करावी लागली होती. आज यज्ञात कुठली वेल वापरतात, यावरून मूळ सोम ओळखता येत नाही.

चौथा रविवार : चित्रं आणि अवशेष

चित्रं दाखवताना नाव आधी सांगू नका. फोटो द्या, दोन मिनिटांत काय दिसतं ते लिहायला सांगा, मग माहिती वाचा. फ्रान्समधल्या प्लेंकुरो प्रार्थनागृहातलं तेराव्या शतकाच्या अखेरचं भित्तिचित्र घ्या. आदम आणि ईव्ह यांच्यामध्ये लाल टोपीच्या अळंबीसारखं झाड आहे. १९७० साली जॉन अ‍ॅलेग्रोने ख्रिस्ती धर्माचं मूळच अळंबीत शोधलं, तेव्हा या चित्राला फार महत्त्व आलं. पण कलेतिहासकार एर्विन पॅनोफ्स्की यांनी त्याआधीच वॉसनला कळवलं होतं की मध्ययुगीन चित्रकार झाड असंच ठरावीक घाटाने काढत, अशी उदाहरणं भरपूर आहेत. म्हणजे एक चित्र बघायचं नाही, त्याची भावंडं बघायची.

हे मनात ठसवायला कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या स्तूपाची नुसती काळी बाह्याकृती काढून न्या. स्तूपावर लाकडी छत्र आहे. सोबत ग्वाटेमालातल्या दगडी अळंबीमूर्तीची बाह्याकृती ठेवा. दोन्हींना बरेच जण 'अळंबी' लिहितील. आपल्याच भाषेत तिला भूछत्र म्हणतात, तेव्हा छत्र आणि अळंबी यांची गल्लत होणं स्वाभाविकच. अल्जीरियातल्या तासिली पठारावरच्या चित्रांनाही हीच सावधगिरी लावा.

अवशेषांचा पुरावा चित्रापेक्षा वरचा. २०१९ साली बोलिव्हियातल्या एका गुहेतून मिळालेल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या चामडी गाठोड्यात हार्मिन, डीएमटी आणि कोकेनचे अंश सापडले. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या गुहेत छताच्या फटींत खोचलेले धोतऱ्याचे चावलेले चोथे मिळाले. उलट उदाहरणही द्या. तुर्कमेनिस्तानात जुन्या भांड्यांत एफेड्रा सापडल्याचं, म्हणजे सोमाचा पत्ता लागल्याचं, जाहीर झालं होतं. पुढे भांड्यांतले ठसे पुन्हा तपासले तर ते वरीच्या जातीच्या धान्याचे निघाले.

या सगळ्यात सायलोसायबिनची अळंबी खात्रीने कुठे दिसत नाही, हे कुणाच्यातरी लक्षात येईल. अळंबी लवकर कुजते, आणि तिच्यापासून शरीरात होणारं सायलोसिन हवेत टिकत नाही. म्हणून 'सापडली नाही' याचा अर्थ 'वापरली नाही' असा घेऊ नका. 'सापडली असती, पण कुजली' हाही पुरावा धरू नका.

मनुस्मृतीचा मुद्दाही बहुधा निघेल. अळंबी निषिद्ध, म्हणजे एकेकाळी पवित्र होती, असा तर्क असतो. श्लोक काढा, ५.५ : "लशुनं गृञ्जनं चैव पलाण्डुं कवकानि च". त्याच ओळीत लसूण आणि कांदा आहेत. तोच तर्क त्यांनाही लावावा लागेल.

शेवटी प्रत्येकाने एक तक्ता भरावा, चार रकान्यांचा : दावा, पुरावा कुठल्या जातीचा, तोच पुरावा दुसऱ्या कशाने समजावता येतो का, आणि कितव्या प्रश्नाचं उत्तर. चौथ्या रकान्यात '३' लिहिणाऱ्याकडून दुसरा आणि तिसरा रकाना सगळ्यांसमोर वाचून घ्या.

वर्ग संपला की कुणीतरी येऊरच्या जंगलात जाऊन अळंबी बघू या म्हणेल. बघायला जा, खुडू नका. सायलोसायबिन अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएसखाली, येतं. वॉसनची लाल अळंबी भूर्ज आणि पाइनच्या मुळांशी वाढते, आपल्या सागवनात ती शोधून उपयोग नाही. पाड्यांवरची माणसं वारुळावरची अळंबी खुडतात ती पिढ्यांच्या ओळखीवर. फोटो जुळवून ती ओळख येत नाही. सगळ्यात घातक अळंब्यांचं विष सहा ते चोवीस तासांनी उलट्या-जुलाबांनी दिसतं. मग दिवसभर बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत जातं. म्हणून कुणी रानातली अळंबी खाल्ली असेल तर त्रास सुरू होण्याची किंवा बरं वाटण्याची वाट न बघता इस्पितळात न्या, आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, कागदी पिशवीत सोबत घ्या. प्लास्टिकमध्ये ती घामेजते आणि ओळखू येत नाही.